अस्थींची साक्ष



निजामपुऱ्यात मराठी श्रोत्यांपुढे इतिहास मांडावयाचा म्हणजे गायकवाडांचे दप्तर उघडावयाचे, असा आपला समज असतो. आज मी त्याहून फार जुन्या दप्तराकडे, मानवी अस्थींकडे, आपले लक्ष वेधणार आहे.

सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा, या प्रश्नाचे उत्तर अस्थी बऱ्याच खात्रीने देतात. प्रसूतीच्या गरजेमुळे स्त्रीच्या कमरेच्या हाडांचा घेर रुंद असतो. पुरुषाच्या कवटीवर भुवयांचे उंचवटे सामान्यतः ठळक दिसतात. मात्र हे फरक सरासरीचे आहेत. बालकांच्या अस्थींत ते स्पष्ट झालेले नसतात, आणि एका समाजातील पुरुष दुसऱ्या समाजातील स्त्रियांइतके नाजूक बांध्याचे असू शकतात. म्हणून एकाची मोजपट्टी दुसऱ्यास सरसकट लावता येत नाही.

समाजासमाजांतील भेदांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्या संदर्भात इरावती कर्वे यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता युरोपीयांत अधिक असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता आणि वंश यांचा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. परक्या देशातील विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे नाझी राजवटीत याच वंशविचाराने किती बळी घेतले, हे जग जाणते.

मायदेशी परतल्यावर त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. तेथील हसमुख सांकळिया यांच्यासह त्यांनी १९४० च्या दशकात आपल्या गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात, लांघणज येथे काम केले. सूक्ष्म दगडी हत्यारांसमवेत तेथे हातपाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे मिळाले. त्या काळच्या रीतीस अनुसरून या अस्थींत ईशान्य आफ्रिकेतील लोकांशी साम्य शोधले गेले. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाचा दावा ज्यांच्या मोजमापापुढे टिकला नाही, त्यांच्याही हातून वंशांची जुनी परिभाषा एकदम सुटली नाही. शास्त्रातील रूढ शब्दांची पकड अशी चिवट असते.

पुढे अभ्यासाची दिशा बदलली. १९७२ साली रिचर्ड लेवाँटिन यांनी रक्तातील प्रथिनांच्या आधारे दाखविले की मानवी वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका समाजाच्या आतच असतो. समाजांच्या सरासरीत फरक आहेत. पण त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आज पुण्याजवळच्या इनामगावसारख्या स्थळांतील सांगाड्यांवरून आहार, आजार आणि बालमृत्यू यांचा शोध घेतला जातो. वंशाचे नाव देण्यापेक्षा त्या माणसांच्या जगण्याविषयी हा शोध कितीतरी अधिक सांगतो.

विद्यार्थी मित्रहो, मोजमाप जरूर करा. परंतु उत्तर आधी ठरवून मोजपट्टी हाती घेऊ नका. मोजलेले गुरूच्या मताविरुद्ध गेले, तरी ते जसे आहे तसेच लिहिण्याचे धैर्य ठेवा.