‘स्वभाषा’ कोणाची? : निजामी राज्यातील शिक्षणमाध्यम आणि मराठी गद्याची कोंडी

मराठी वाङ्मयेतिहासात मराठवाड्याचा उल्लेख बहुधा दोन टोकांना येतो. एका टोकाला पैठणचे एकनाथ, अंबाजोगाईचे दासोपंत, गंगाखेडची जनाबाई. दुसऱ्या टोकाला १९५० नंतरची कविता, कथा, दलित साहित्य आणि वैचारिक लेखन. मधली सुमारे शंभर वर्षे, म्हणजे नेमके अर्वाचीन मराठी गद्य घडत होते तो काळ, या प्रदेशापुरता जवळजवळ कोरा राहतो. या कोरेपणाचे स्पष्टीकरण ‘मागासलेपण’ या एकाच शब्दाने दिले जाते. परंतु हा शब्द परिस्थितीचे वर्णन करतो. तिचे कारण सांगत नाही. ज्या प्रदेशात मराठी बोलली जात होती, कीर्तनात ऐकली जात होती, पोथ्यांतून वाचली जात होती, तेथे तिच्यात निबंध, इतिहास आणि टीका का लिहिली गेली नाही, हा प्रश्न अखेर शाळेपाशी येऊन थांबतो.

हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड या तीन भाषांचे बोलणारे मिळून लोकसंख्येचा फार मोठा भाग होते. मराठीभाषकांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश, तर उर्दू मातृभाषा असलेल्यांचे एक दशांशाच्या आसपास होते. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. जिल्ह्याचा अधिकारी अव्वल तालुकदार. त्याच्या कचेरीचा, न्यायालयाचा आणि दप्तराचा व्यवहार उर्दूतून चाले. १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या शेजारच्या वऱ्हाडाशी तुलना केली, तर फरक स्पष्ट होतो. तेथे मराठी ही शाळेची आणि कचेरीचीही भाषा राहिली. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर बोली फारशी बदलत नव्हती. मात्र त्या बोलीतून लिहू-वाचू लागलेल्या मुलापुढील वाट पूर्णपणे बदलत होती.

या इतिहासातील खरी विसंगती उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेत आहे. अकबर हैदरी यांनी १९१७ मध्ये सादर केलेल्या निवेदनाचा गाभा असा होता की, परक्या भाषेतून उच्च शिक्षण दिल्याने विद्यार्थ्याची शक्ती भाषेशी झगडण्यातच खर्च होते आणि सुशिक्षित वर्ग समाजापासून तुटतो. मुंबई विद्यापीठाच्या संदर्भात न्यायमूर्ती रानडे यांना जी खंत होती, तिच्याशी हा युक्तिवाद जुळणारा आहे. १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी अनिवार्य विषय म्हणून ठेवून सर्व विद्याशाखांचे माध्यम उर्दू करण्यात आले. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतर संस्था उभारली गेली आणि मौलवी अब्दुल हक तिचे प्रमुख झाले. आधुनिक ज्ञान भारतीय भाषेत मांडता येते, हे या संस्थेने प्रत्यक्ष सिद्ध केले, आणि त्या कामगिरीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ‘परकी भाषा’ म्हणजे केवळ इंग्रजी, आणि ‘स्वभाषा’ म्हणजे केवळ उर्दू, हे समीकरण कोणी ठरविले? नांदेड किंवा परभणीच्या मराठी मुलाच्या दृष्टीने हैदरींचा सारा युक्तिवाद उर्दूच्या विरोधातही तितकाच लागू होत होता. मातृभाषेच्या तत्त्वाचा जयघोष करणाऱ्या संस्थेतच बहुसंख्यांच्या मातृभाषांना शिक्षणाच्या शिखरावर जागा नव्हती.

हे घडण्यासाठी मराठीवर बंदी घालावी लागली नाही. शाळांच्या श्रेणीतच ते अनुस्यूत होते. तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया, म्हणजे प्राथमिक, मधली आणि माध्यमिक, अशी ही उतरंड होती. तहतानियात मातृभाषेला तत्त्वतः स्थान होते. वर चढताना मात्र सरकारी शाळेचे माध्यम उर्दू होई. काही ठिकाणी ते इंग्रजी असे. म्हणजे मराठी ही मुळाक्षरांची भाषा, आणि उर्दू ही ज्ञानाची. ज्या वयात मूल कारणपरंपरा समजून घेऊ लागते, मत मांडू लागते, नेमक्या त्याच वयात त्याची भाषा वर्गाबाहेर राही. गणित ‘रियाजी’ म्हणून, अर्थशास्त्र ‘मआशियात’ म्हणून त्याच्या परिचयाचे होई. या संज्ञांत दोष नव्हता. परंतु त्या मराठी वाक्यात बसवून विचार करण्याची सवय लावणारी जागा शाळेत उरली नव्हती.

दुसरा उपाय परवानगीचा होता. संस्थानात सरकारी शाळाच मुळात थोड्या होत्या. साक्षरतेचे प्रमाण १९४१ पर्यंतही फार तर शेकडा दहाच्या आसपास होते. ही उणीव गावोगावचे पंतोजी आणि छोट्या खाजगी शाळा जमेल तशी भरून काढीत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अशा शाळांना पूर्वपरवानगीची अट आली, आणि सत्तेच्या मर्जीवाचून मराठी शिकविणे कठीण झाले. अर्थात, पंतोजींच्या या शाळाही सर्वांसाठी नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या जाती आणि बहुसंख्य स्त्रिया यांना तेथे मुळातच प्रवेश नव्हता. म्हणून ‘हक्क गेला’ असे म्हणताना तो कोणाला कधी मिळालाच नव्हता, याचीही नोंद करावी लागते. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेस स्थापन केलेल्या महाविद्यालयाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

याच कोंडीतून मराठवाड्यातील शिक्षणसंस्थांचे स्वरूप घडले. औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५), अंबाजोगाईची योगेश्वरी (१९१७), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) या संस्था केवळ मुलांना शिकविण्यासाठी निघालेल्या नव्हत्या. भाषेला आसरा देणे हेही त्यांचे काम झाले. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले; बाबासाहेब परांजपे, गोविंदभाई श्रॉफ हेही शिक्षकी पेशातूनच चळवळीत आले. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. वर्गात जे मांडता येत नव्हते, ते रस्त्यावर मांडले गेले.

या घडामोडींचा वाङ्मयीन परिणाम अधिक सूक्ष्म आहे. मराठी नष्ट झाली नाही. १९२० पासून ‘निजाम विजय’सारखे साप्ताहिक हैदराबादेतून निघत होते, १९३१ चे मराठी साहित्य संमेलन श्री. व्यं. केतकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले, बी. रघुनाथ यांच्यासारखा समर्थ कवी-कथाकार सरकारी कारकुनी करीत लिहीत राहिला. गमावले गेले ते भाषेचे एक विशिष्ट कार्य : विवेचन करण्याचे, खंडन-मंडनाचे, संकल्पना घडविण्याचे. कविता घरातल्या भाषेवर जगू शकते, कथाही काही प्रमाणात जगू शकते. समीक्षा आणि वैचारिक गद्य यांना मात्र पाठ्यपुस्तक, उत्तरपत्रिका, वादसभा, नियतकालिक अशी साखळी लागते. पुण्या-मुंबईकडे ही साखळी, कितीही तुटपुंजी असली तरी, एकोणिसाव्या शतकातच उभी राहिली होती. मराठवाड्यात तिचे पहिले दुवे स्वातंत्र्यानंतर जुळले. नरहर कुरुंदकरांच्या पिढीचे वैचारिक गद्य एवढ्या आवेगाने आणि एवढ्या वादप्रिय वळणाने का आले, याचे एक कारण या विलंबात शोधता येईल.

हा संघर्ष उर्दू विरुद्ध मराठी असा मांडणे हा मात्र इतिहासाचा विपर्यास ठरेल. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय कित्येक वर्षे औरंगाबादेस होते, आणि ती चालविणारे अब्दुल हक यांनीच मराठीवरील फारसीच्या प्रभावाचा अभ्यास १९३३ मध्ये उर्दूत प्रसिद्ध केला. भाषांचे परस्परांशी नाते होते. विषमता होती ती त्यांच्या अधिकारांत. याचा पुरावा पुढील इतिहासानेच दिला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर थोड्याच काळात उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. तेलुगू, मराठी, कन्नड यांना ते शिखर मिळाले नाहीच. उर्दूतून शिकलेल्यांचीही भाषा एका निर्णयासरशी वर्गाबाहेर गेली. तीन दशके जिने इतर मातृभाषांची जागा व्यापली होती, तीच भाषा आता त्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली.

१९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० (क) घटनेत आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकण्यात आली. त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, आणि १९६० मध्ये मराठी ही राज्याचीच भाषा झाली. तेव्हापासून या प्रदेशातील मराठी तक्रारदाराच्या जागेवरून निर्णय घेणाऱ्याच्या जागेवर गेली आहे. किनवटच्या पाड्यावरील गोंडी बोलणारे मूल किंवा तांड्यावरील गोरमाटी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा त्याच्यापुढील प्रमाण मराठी त्याच्या घरची नसते. निजामी शाळेशी या शाळेची सरसकट बरोबरी करता येणार नाही. नागरिकाला आज मत आहे, न्यायालय आहे, घटना आहे. परंतु तहतानियाच्या पायरीवर मराठी मुलाला जो प्रश्न पडत होता, तोच आज या मुलालाही पडतो, आणि त्याचे उत्तर आता मराठीला द्यावयाचे आहे. मराठवाड्याच्या वाङ्मयेतिहासातील कोरे पान भरताना तो प्रश्न वगळला, तर मागासलेपणाचा तोच शब्द उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी भाषेपुढे लिहिला जाईल.