फवारणीची वही आम्ही का लिहायला लागलो



परवा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा माहिती घ्यायला बागेत आला होता. फवारणीची वही चाळता चाळता म्हणाला, "काका, सगळ्यात जुनी वही कोणती आहे तुमच्याकडं?" माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तळाला वही निघाली २००३ च्या गोडी छाटणीची. "आणि त्याच्या आधीची?" म्हणलं, त्याच्या आधीची नाहीच. बाग १९८८ ची. पंधरा वर्षं द्राक्ष केलं, पण कोणतं औषध कधी आणि किती मारलं याची एक ओळ कुठं लिहिलेली नाही.

तो गेल्यावर रात्रभर तेच डोक्यात राहिलं. सुरक्षित माल पिकवायचं शिक्षण आपल्या द्राक्ष पट्ट्यात कसं आलं, कुठं कामी आलं आणि कुठं कमी पडलं, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही. म्हणून आज लिहितोय. जरा लांब आहे, पाणी देता देता वाचा.

आमच्या सुरुवातीच्या काळात शिक्षण होतं, नव्हतं असं नाही. द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रं व्हायची, जाणती माणसं बागेत येऊन सांगायची. पण विषय कोणते? काडी कशी तयार करायची, जीएचं डिपिंग कधी, थिनिंग किती, मणी फुगवायचा कसा. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी राहिली, सहकारी संस्थांचा माल युरोपला जायला लागला, तेव्हा नवे धडे आले. माल तोडल्यावर किती वेळात प्रीकूलिंगला गेला पाहिजे, पेटीत घड कसा बसवायचा, देठ हिरवा कसा राहील. सगळे धडे मण्याच्या बाहेरचे. मण्याच्या आत काय आहे, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं आणि आपणही सांगत नव्हतो. औषध ठरायचं कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. शेजाऱ्यानं ब्लोअर काढला की आपणही काढायचा, एवढंच वेळापत्रक.

खरं तर बाटलीवरचं लेबल फार जुनं. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक जहाजात पिठाच्या मालाबरोबर आलं, सांडलं, आणि ते अन्न खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्या घटनेनंतर देशात विचार सुरू झाला आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, १९७१ मध्ये नियम आले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण, औषध कोणत्या पिकावर मारायचं, शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस ठेवायचे, हे सगळं लेबलावर असतं. पण ते बारीक अक्षरातलं पत्रक आम्ही झाकणाबरोबरच बांधावर टाकायचो.

मग २००३ उजाडलं. हॉलंडमध्ये आपल्या द्राक्षाच्या मालात कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपभर इशारा गेला. त्या उन्हाळ्यात गावात एकच चर्चा: "आपला माल तर दिसायला एक नंबर होता!" दिसायला होता, हे खरंच.

सरकार आणि अपेडानं पुढच्याच हंगामासाठी अंश तपासणीची योजना आणली. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये सुरू झालेलं होतं, तिथली प्रयोगशाळा या कामाची मुख्य प्रयोगशाळा झाली. आणि गावोगाव बैठका सुरू झाल्या.

आमच्या गावची पहिली बैठक मला स्पष्ट आठवते. सोसायटीच्या ओट्यावर कृषी अधिकारी आले होते. त्यांनी खडूनं फळ्यावर लिहिलं, "पीपीएम". कुणालाच काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, एक टन द्राक्षात एक ग्रॅम औषध म्हणजे एक पीपीएम. चिमूटभर मीठ तरी एक ग्रॅमच्या आसपास भरतं. काही औषधांची मर्यादा याच्याही शंभराव्या भागाइतकी आहे म्हणल्यावर एक म्हातारे बाबा उठून म्हणाले, "साहेब, मग मारायचंच कशाला?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मारायचं, पण कधी थांबायचं ते शिकायचं." वीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या प्रशिक्षणांचं सार त्या एका वाक्यात होतं. त्याच आठवड्यात शंभर पानी वही आणली. तारीख, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी, कशासाठी मारलं, काढणीला किती दिवस राहिले. सहा रकाने.

२००६ मध्ये ग्रेपनेट आलं. प्लॉटची नोंदणी, प्लॉटला नंबर, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन नमुना घेणार, नापास झाला तर तो प्लॉट संगणकावरच अडणार. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून मागं येत येत थेट बागेच्या बांधापर्यंत पोहोचता येईल, अशी व्यवस्था आपल्या देशात फळपिकात पहिल्यांदा द्राक्षानं केली. पुढं डाळिंब, आंबा, भाजीपाला यांनाही तशीच जाळी विणली गेली. कौतुक करावं असंच काम आहे ते.

त्याच सुमारास युरेपगॅपची प्रमाणपत्रं आली, २००७ पासून त्याला ग्लोबलगॅप म्हणतात. त्याची यादी बघून आम्ही वैतागलो होतो. औषधांची खोली वेगळी, कुलूप पाहिजे. रिकामा डबा तीनदा विसळून भोक पाडून ठेवायचा. पाण्याची तपासणी. आणि मजुरांसाठी संडास, हात धुवायला पाणी आणि साबण. तोपर्यंत आमच्या बागेत थिनिंगला तीस-तीस बाया यायच्या, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. त्या कुठं जात असतील हा विचार मी कधी केला नव्हता. साहेबांनी सांगितलं, हात न धुता घडाला हात लागला तर रोगाचे जंतू मण्यावर जातात, आणि द्राक्ष कुणी शिजवून खात नाही. म्हणून बागेत पहिला संडास बांधला. बांधला परदेशी ग्राहकासाठी, वापरला आपल्याच आयाबहिणींनी. एक मावशी म्हणाली, "भाऊ, एवढी वर्षं आम्ही दिवसभर पाणीच पीत नव्हतो." त्या दिवशी खाली मान घातली होती मी.

आता २०१०. हे वर्ष आमच्या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही.

खरड छाटणीनंतर शेंडा जोरात चालला की तो आवरायला आणि काडीत घड धरायला आपण सीसीसी मारायचो. क्लोरमेक्वाट क्लोराईड. सगळेच मारायचे, सल्लागारही सांगायचे. नोंदणी झाली, नमुना गेला, अहवाल पास आला, माल जहाजावर चढला. आणि युरोपात सीसीसी सापडलं. तिथली मर्यादा ०.०५ पीपीएम, म्हणजे एक टन द्राक्षात ५० मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच. नेहमी एका झटक्यात अनेक औषधं तपासतात त्या पद्धतीत ते सापडतही नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. म्हणजे आपण जी परीक्षा पास झालो, तिच्या पेपरात हा प्रश्नच नव्हता.

कंटेनर बंदरात अडकले, भाव कोसळले, निर्यातदार बुडाले आणि त्यांच्यामागं शेतकरी. माझ्या दोन एकरांचे पैसे ज्यांच्याकडं होते त्यांनी हात वर केले. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं, थोरल्या मुलीचं लग्न एक वर्ष पुढं ढकललं. कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण पेटीतून त्या वर्षीची वही काढली तर माझ्याच अक्षरात लिहिलंय: सीसीसी, तारीख, प्रमाण. मी लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

नंतर चर्चासत्रात कळलं की हे औषध वेलीच्या आत जातं, लाकडात राहतं आणि पुढं फळापर्यंत येऊ शकतं. युरोपातल्या पेअरच्या बागांना हा फटका आधीच बसलेला होता. वापर बंद केल्यावरही झाडात साठलेलं सीसीसी फळात उतरत राहायचं. तिकडची ती गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली असती तर?

माझ्या मते आपल्या शिक्षणाची उणीव नेमकी इथं आहे. आपल्याला यादी शिकवली जाते. हे चालतं, हे चालत नाही. यादी पाहिजेच, मीही दरवर्षी भिंतीला चिकटवतो. पण यादी ही मागच्या वर्षीच्या चुकांची असते. पुढची चूक तिच्यात नसते. औषध पानावरच राहतं की आत शिरतं, ऊन-पावसात किती दिवसात मोडतं, मण्यात पाणी उतरल्यावर काय होतं, हे कळलं तर यादीत नाव नसलेल्या डब्याबद्दलही शेतकरी प्रश्न विचारेल.

वहीचा दुसरा उपयोग २०११ मध्ये जर्मनीत दिसला. तिथं ई. कोलाय जंतूची साथ आली, चार हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, पन्नासवर गेली. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी नाव घेतलं स्पेनच्या काकडीचं. एका दिवसात काकडीला गिऱ्हाईक राहिलं नाही, माल अक्षरशः फेकला गेला. नंतर निघालं काय, तर मोड आलेलं धान्य, आणि माग लागला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. काकडीवाल्यांचा काही संबंध नव्हता. युरोपीय संघानं भाजीवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून २० कोटींहून जास्त युरो ठेवले, पण गेलेला हंगाम परत आला नाही. संकट आलं की बोट पहिल्यांदा शेतकऱ्याकडं वळतं. तेव्हा हातात कागद पाहिजे. आणि जे दादा कोथिंबीर-मेथीच्या जुड्या पाठीमागच्या नाल्यात धुऊन बाजारात नेतात, त्यांनीही हे लक्षात ठेवावं. पालेभाजी धुवायचं पाणी पिण्याजोगं पाहिजे. कच्चं शेणखत उभ्या पालेभाजीत टाकू नका, कुजवून लागवडीआधी टाका.

आता शेवटची गोष्ट, जी लिहायला जड जातेय.

आपल्या देशात २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे. त्यातून शेतकऱ्याला आणि शेतातल्या कामाला बाहेर ठेवलंय. ते बरोबरच आहे, नाहीतर दारात इन्स्पेक्टर उभे राहिले असते. पण त्याचा अर्थ असा की लोकलच्या मालाला शेतात विचारणारं कुणी नाही. एक्स्पोर्टच्या प्लॉटला नंबर आहे, नमुना आहे, वही आहे. शेजारचा एक एकर लोकलचा, त्याला माझ्याकडं बरीच वर्षं वहीच नव्हती. एका फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, मणी तडकायची भीती, डाउनी दिसायला लागली. व्यापारी म्हणाला, चार दिवसांनी तोड. मी फवारणी घेतली. काढणीला ठेवायचे दिवस लेबलावर चारपेक्षा बरेच जास्त होते. माल तुटला, गाडी भरली, गेली.

त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "पाहुण्यांकडं पाटी द्यायची आहे, एक्स्पोर्टच्या प्लॉटातनं आण." नेहमीचंच बोलणं. आमच्या घरात खायला कायम त्याच प्लॉटातनं यायचं. कुणी कधी का म्हणून विचारलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. मी पाटी घेऊन दोन प्लॉटांच्या मधल्या रस्त्यावर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

तेव्हापासून दोन्ही प्लॉटांना एकच वही आहे. तोटा झाला नाही असं सांगणार नाही. गेल्या चार वर्षांत दोनदा व्यापाऱ्याला थांबवलं, एकदा तो थांबला, एकदा दुसऱ्याच्या बागेत गेला. काढणीच्या जवळ रोग आला तर आता आधी पानं विरळ करतो, हवा खेळती ठेवतो, कमी दिवसांचं औषध किंवा जैविक बघतो, नाहीच जमलं तर तोडणी पुढं ढकलतो.

कृषी सहायक आणि सल्लागार मित्रांना विनंती: पुढची बैठक घ्याल तेव्हा यादी वाचून दाखवण्याआधी एक डबा हातात घ्या आणि त्याचं लेबल सगळ्यांकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि लोकलवाल्यांनाही बोलवा, ते स्वतःहून येत नाहीत.

बाकीच्यांनी एवढंच करा. येत्या छाटणीला शंभर पानी वही आणा. सहा रकाने वर सांगितलेत. सातवा मी अलीकडं वाढवलाय: "हा माल कुठं गेला." परवाच्या पोरानं त्या रकान्याचा फोटो काढून नेला.