आवाज न वाढवणारा ॲम्प्लिफायर : दौंडच्या तारेपासून गिटारच्या बफरपर्यंत

#धागा #इतिहास

१/ दौंड सोडून अहिल्यानगरकडे निघालेली गाडी भीमा ओलांडते आणि थोड्याच वेळात काष्टी येते. श्रीगोंदे तालुक्यातील हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. १८७८ मध्ये या भागातून दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. काष्टीहून नदीपलीकडे असलेल्या दौंडला १९२७ मध्ये थेट इंग्लंडचा संदेश टिपणारे बिनतारी केंद्र उभे राहिले. आज इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला जो प्रश्न पडतो, तो अशा केंद्रांच्या तारांपुढेही होता.

२/ नाजूक विद्युतसंदेश लांब तारेतून न्यायचा, पण वाटेत त्याचा ऱ्हास होऊ द्यायचा नाही, हा तो प्रश्न. गिटार ॲम्प्लिफायरच्या ‘इफेक्ट्स लूप’मध्ये बसवला जाणारा बफर हे त्याचे उत्तर आहे. मात्र ते उत्तर संगीतात जन्मले नाही. तारायंत्र, टेलिफोन आणि दूरचित्रवाणी यांच्या तारांवर ते घडले.

३/ तार लांबली की प्रवाह क्षीण होतो. एकोणिसाव्या शतकात यावर रिले नावाची युक्ती निघाली. क्षीण प्रवाहाने विद्युतचुंबकाची हलकी पट्टी तेवढी हलवायची आणि पुढच्या तारेला नव्या बॅटरीचे बळ द्यायचे. ‘रिले’ हा शब्द टप्प्याटप्प्यावर बदलल्या जाणाऱ्या ताज्या घोड्यांवरून आला. डाकचौक्यांची परंपरा असलेल्या या देशाला ती कल्पना नवी नव्हती. पत्र तेच, घोडा नवा.

४/ २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत-इंग्लंड बीम बिनतारी सेवेचे उद्घाटन केले. प्रक्षेपण पुण्याजवळच्या खडकीहून होई, तर ग्रहण दौंडला. इंग्लंडमध्येही ग्रिम्स्बी आणि स्केगनेस अशी दोन वेगळी केंद्रे होती. प्रक्षेपक व ग्राहक शेजारी ठेवले, तर स्वतःच्याच प्रचंड लहरींत दूरचा क्षीण संदेश बुडून जातो.

५/ दोन्ही केंद्रे तारांनी मुंबईच्या तारघराशी जोडलेली होती. जाणारा संदेश मुंबईहून खडकीला, येणारा दौंडहून मुंबईला. गिटारच्या ॲम्प्लिफायरलाही अशीच दोन दारे असतात, ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’. इथले अंतर काही मीटरचे, तिथले शेकडो किलोमीटरचे. नाते वंशाचे नाही, प्रश्नाचे आहे.

६/ रिलेला फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ कळते. मानवी आवाजाचे चढउतार त्याला पेलत नाहीत. म्हणून टेलिफोनला व्हॉल्व्हचे रिपीटर लागले. १९१५ मध्ये न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्को संभाषण त्यांच्याच बळावर शक्य झाले. पण रिपीटर संदेश वाढवतो. कधी कधी वाढ नकोच असते, हवा असतो केवळ भार वाहणारा.

७/ ती गरज ‘कॅथोड फॉलोअर’ने भागवली. १९३० च्या दशकात ब्रिटनच्या ईएमआय कंपनीतील अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी ही मांडणी पुढे आणली. दूरचित्रवाणीचा नाजूक संदेश केबलमध्ये ढकलण्यासाठी ती फार सोयीची होती. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीच्या वेळी झालेल्या विमान अपघातात ब्लमलाइन यांचा मृत्यू झाला. मांडणी मात्र सर्वत्र पसरली.

८/ तिचे काम साधे आहे. जेवढे व्होल्टेज आत येते, जवळपास तेवढेच बाहेर पडते, किंचित कमीच. मागच्या मंडलाकडून ती प्रवाह जवळजवळ घेत नाही, पुढच्याला मात्र हवा तेवढा देते. बफर म्हणजे हेच. आज त्यासाठी ट्रान्झिस्टर किंवा छोटी चिप वापरतात.

९/ १९५० च्या दशकाच्या अखेरीस फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ ॲम्प्लिफायरमध्ये स्वरनियंत्रणाच्या आधी कॅथोड फॉलोअर होता. १९६२ मध्ये लंडनच्या मार्शलने पहिला ॲम्प्लिफायर त्याच धर्तीवर बांधला. म्हणजे इफेक्ट्स लूप रूढ होण्यापूर्वीच बफर गिटारच्या पेटीत शिरला होता.

१०/ लूप का आला? १९७० च्या दशकात गिटारचा ‘फाटलेला’ आवाज ॲम्प्लिफायरच्या पूर्वभागातच घडू लागला. प्रतिध्वनीचे यंत्र त्याआधी जोडले, तर प्रतिध्वनीही फाटतो आणि सारे गढूळ होते. म्हणून पूर्वभाग व शक्तिभाग यांच्यामध्ये संदेश बाहेर काढून परत आणण्याची वाट ठेवली गेली.

११/ इथे जुना प्रश्न परतला. जाऊन-येऊन दहा मीटर केबलची धारिता सुमारे १,००० पिकोफॅरड भरते. पूर्वभागाची प्रतिबाधा १,००,००० ओहम असेल आणि मधले पेडल बंद असून तार सलग जोडली गेली असेल, तर सुमारे १,६०० हर्ट्झच्या वरचा आवाज उत्तरोत्तर क्षीण होतो. गिटारची धार तिथेच असते. बफरमुळे प्रतिबाधा १,००० ओहमवर आली, तर हीच मर्यादा १,६०,००० हर्ट्झवर जाते. माणसाचा कान २०,००० पलीकडे ऐकत नाही.

१२/ दुसरा धोका भाराचा. तोच पूर्वभाग १०,००० ओहमच्या यंत्राला जोडला, तर संदेशाचा जेमतेम अकरावा हिस्सा पोहोचतो. बफर असेल, तर जवळपास सगळा.

१३/ बफरची जागा मात्र ‘सेंड’पाशीच, केबल सुरू होण्याआधी. केबलच्या शेवटी बसवलेला बफर वाटेत हरवलेले परत आणू शकत नाही. ॲम्प्लिफायरमध्ये तो आधीच असेल, तर दुसऱ्याने फारसे काही साधत नाही, थोडी खरखर तेवढी वाढते. परतीचा संदेश मुळात कमी पातळीचा असेल, तर बफर पुरत नाही. तिथे खरी वाढ करणारा टप्पाच लागतो.

१४/ १९४७ मध्ये परदेशी दळणवळणाची ही सेवा सरकारकडे आली. पुढे उपग्रह आले आणि बीमचे युग संपले. तारेचा नियम मात्र बदलला नाही. नाजूक संदेशाला लांब वाटेवर एकटे पाठवू नये. निघतानाच त्याच्याखाली ताजा घोडा द्यावा.

(समाप्त)