मोटारीच्या इंजिनाचे आवेष्टन व वाहतूक

वाहनातून वेगळे काढलेले इंजिन दूरवर पाठवण्यासाठी केलेली पूर्वतयारी, बांधणी व हाताळणी यांना इंजिनाचे आवेष्टन किंवा व्यवहारात पॅकिंग म्हणतात. चार सिलिंडरांच्या इंजिनाचे वजन सामान्यतः १०० किलोग्रॅमहून अधिक असते. प्रवासातील बहुतेक नुकसान दोन कारणांनी होते : या वजनाची हालचाल आणि इंजिनात उरलेले किंवा बाहेरून शिरलेले द्रव.

द्रवांचा निचरा

इंधन, वंगण तेल व कूलंट पूर्णपणे काढून सर्व तोंडे बुचांनी बंद करतात. उरलेल्या पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्यामुळे थंड प्रदेशात सिलिंडर ब्लॉकला तडा जाण्याचा धोका असतो. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात ज्वालाग्राही द्रवावर चालणाऱ्या इंजिनांना यूएन ३५२८ हा क्रमांक आहे.

बांधणी

इंजिनाच्या तळाचे तेलपात्र पातळ असल्याने त्यावर भार देत नाहीत. इंजिन त्याच्या माउंटिंगच्या जागी बोल्टने पोलादी किंवा लाकडी चौकटीवर बसवतात व ती चौकट पॅलेटला जोडतात. केवळ पट्ट्यांनी बांधलेले इंजिन कलंडू शकते. रस्ता वाहतुकीत अचानक ब्रेक लागल्यास माल आपल्या वजनाच्या ०.८ पट बलाने पुढे ढकलला जाईल, असे गृहीत धरून बांधणी करतात. सेन्सरसारखे नाजूक भाग काढून वेगळ्या खोक्यात ठेवतात.

गंजापासून संरक्षण

सागरी प्रवासात तापमान उतरले की कंटेनरमधील बाष्पाचे दव बनते. म्हणून उघड्या धातूवर गंजरोधक तेल लावून इंजिन गंजरोधक बाष्प सोडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतात. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात.

लाकडी पेटीविषयीचे नियम

लाकडातून कीड परदेशात पोहोचू नये यासाठी आयएसपीएम १५ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू आहे. त्यातील उष्णता प्रक्रियेच्या प्रचलित पद्धतीत लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवतात व पेटीवर शिक्का उमटवतात. शिक्का नसल्यास आयात करणारा देश माल अडवू शकतो. प्लायवूड या मानकातून वगळलेले आहे.

माल स्वीकारताना

रवाना करण्यापूर्वी इंजिनाची छायाचित्रे घेतात. पेटीवरील धक्कादर्शकाचा रंग बदलला असल्यास पोचपावतीवर तशी नोंद करून पेटी उघडतात. अशी नोंद विमा दाव्यासाठी उपयोगी पडते.