सव्वाशे वर्षं जुना लाकडी डबा थांबतो कसा?
इंग्लंडच्या ब्लूबेल हेरिटेज रेल्वेकडे लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचे १८९८ ते १९०० या काळातले लाकडी डबे आहेत. एवढ्या जुन्या डब्यात बसायचं म्हटल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो ब्रेकचा. हे ब्रेक व्हॅक्यूमवर चालतात. वाफेचं इंजिन डब्यांखालच्या पाइपमधली हवा ओढून घेतं, तोवर ब्रेक सुटलेले राहतात. ड्रायव्हरने हवा आत सोडली की ते लागतात. समजा, एखादा डबा तुटून मागे राहिला, तर? पाइप उघडा पडतो, हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. भारी ना! आपल्याकडेही एअर ब्रेक येण्याआधी हेच होते. दारांना मात्र मेट्रोसारखं ऑटोमॅटिक लॉक नसतं, म्हणून रील काढताना दाराला टेकून उभे राहू नका.