किल्ला जाळला कुणी, हेही सांगा!

जर्मनीतल्या होहेनस्टाउफेन डोंगराची उंची ६८४ मीटर. जंगलातली पायवाट चढून माथ्यावर गेले की किल्ल्याच्या भिंतींचे अवशेष तेवढे दिसतात. हा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या घराण्याचा किल्ला. पण आमचा प्रश्न वेगळा आहे : तो जाळला कुणी?

१५२५ साली बंड करून उठलेल्या शेतकऱ्यांनी!

त्याच वर्षी मार्चमध्ये मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांनी १२ मागण्या मांडल्या होत्या. भूदासपण बंद करा, शिकारीचा व मासेमारीचा हक्क द्या, बळकावलेली जंगले गावाला परत करा. म्हणजे ट्रेकर आज ज्या रानात मोकळा फिरतो, तशा रानातल्या सरपणासाठीही माणसांना लढावे लागले.

बंड चिरडले गेले, हजारो शेतकरी मारले गेले. या भागातल्या वुर्टेम्बर्ग राज्यात भूदासपण कायद्याने संपायला १८१७ साल उजाडले.

युरोपातल्या दुबळ्यांना शस्त्र आणि शिक्षण बंद नव्हते. चातुर्वर्ण्याने शूद्रांना दोन्ही नाकारले, म्हणून इथे तसा उठाव झाला नाही, हे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये १९३६ साली मांडले.

तेव्हा कुठलाही गड चढा, पण राजाचे नाव घेऊन थांबू नका. दगड कुणी वाहिले, वेठ कुणी केली, हेही विचारा.