लाँग पिंपलचं माहेर मुंबई

टेबल टेनिसच्या बॅटवरचं लाँग पिंपल रबर चिनी, असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं, त्याची कुळी मुंबईत सुरू होते. १९५२ची जागतिक स्पर्धा इथे झाली आणि हिरोजी सातोने जाड स्पंजची बॅट घेऊन एकेरीचं अजिंक्यपद जपानला नेलं. पुढे स्पंजावर रबर चढलं, १९५९मध्ये दोन्ही मिळून ४ मिलिमीटरची मर्यादा आली, आणि त्या पकडदार बॅटवर जपान्यांनी लूप, म्हणजे पुढच्या फिरकीचा (टॉपस्पिन) जोरदार फटका, बसवला.

खरा वाद पुढचा. शांघायचा झांग शिएलिन लांब दाण्यांचं रबर घेऊन उतरला आणि १९६३ला प्रागमध्ये जपानी लूपवाले त्याच्या उलट्या फिरकीच्या (बॅकस्पिन) चॉपपुढे हतबल झाले. सांगतात ते असं : कारखान्यात दाणे लांब राहून गेलेला बाद माल पडला होता, तो झांगने उचलला. असेलही. पण बाद माल कुठल्या कारखान्यात निघत नाही? तो बॅटला चिकटवावासा वाटायला समोर लूप हवा. सातोचा स्पंज वेगासाठी होता, फिरकीसाठी नव्हे, असा आक्षेप निघेल. मान्य, पण स्पंजाची चटक लागली ती मुंबईतच.

या कुळीचं व्यंग बॅकस्पिनमध्ये. लांब दाणे वाकतात, चेंडूला धरत नाहीत, म्हणून त्याची फिरकी तशीच चालू राहते. टॉपस्पिन मारणाऱ्याला बॅकस्पिन परत मिळतो. बॅकस्पिन घालणाऱ्याला मात्र हलका टॉपस्पिन, जवळजवळ पोकळ चेंडू. लूपवरचा उतारा बॅकस्पिनच्या साध्या पुशपुढे लंगडा! समोरच्यांनी हे हेरलं : पिंपलवर खोल पुश घालायचा आणि तरंगत आलेला चेंडू हाणायचा.

यावर तोड दोन. एक, बॅट फिरवून साध्या रबराने खेळणं. पण दोन्ही बाजूंना वेगळे रंग सक्तीचे झाल्यावर ही चलाखी उघडी पडली. दुसरी मला जास्त आवडते. साध्या रबराने बॅकस्पिन उचलावा लागतो, नाहीतर चेंडू नेटमध्ये. पिंपलवर फिरकी चावतच नाही. म्हणून बॅट जवळजवळ उभी, मनगट घट्ट, चेंडू सर्वांत उंच असताना पुढे थाप.

झांग पुढे चिनी महिलांचा प्रशिक्षक झाला. त्याच्या संघातली जेमतेम दीड मीटर उंचीची डेंग यापिंग बॅकहँडला लाँग पिंपल लावून टेबलाला चिकटून खेळायची, आणि चॉप करत मागे हटण्याऐवजी हल्ला करायची. १९९२ आणि १९९६, दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकेरी आणि दुहेरीची सुवर्णपदकं तिचीच. झांगने आपल्या चॉपचं व्यंग तिच्या हातून दुरुस्त करून घेतलं, असा माझा अंदाज. पुरावा मागू नका.